आठव्या दिवसापासून पुढे

५ मे २०२५ ला केंद्र सरकारनं एक चांगली योजना लागू केली. कुठल्याही रस्त्यावर वाहनाचा अपघात झाला, तर जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतील, अपघाताच्या दिवसापासून सात दिवस. कायद्यात ही तरतूद आधीच होती, योजना काही निघत नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कान उपटले, तेव्हा कुठे हालचाल झाली. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याचं बक्षीसही पाच हजारांवरून पंचवीस हजार झालंय, आणि मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीत संरक्षण दिलेलं आहे. आपल्याकडे १०८ ची गाडी तर २०१४ पासून फिरतेच आहे. थोडक्यात, रस्त्यावर पडलेला माणूस वाचावा यासाठी सरकार, कोर्ट, दवाखाना सगळे आता पूर्वीपेक्षा जास्त धावतात. आनंदच आहे.

माझा प्रश्न आठव्या दिवसाचा आहे.

हाडं मोडलेला माणूस सहा महिन्यांत चालायला लागतो. पण डोक्याला मार बसलेला माणूस? तो घरी येतो, सोबत औषधांची पिशवी आणि कागदांची फाईल. 'घरी नेऊन काळजी घ्या,' असं डॉक्टर सांगतात. ही काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, कुणी करायचं, किती वर्षं करायचं, हे कुठल्याच डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसतं. कुणी करायचं हे लिहायची गरजही नसते म्हणा. ते घरात सगळ्यांना ठाऊकच असतं.

आकडे बघा. केंद्राच्या अहवालानुसार २०२३ साली देशात ४ लाख ८० हजार ५८३ रस्ते अपघात झाले. त्यात १ लाख ७२ हजार ८९० माणसं गेली आणि ४ लाख ६२ हजार ८२५ जखमी झाली. मेलेल्यांमध्ये ४५ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरचे. हेल्मेट नसलेले ५४ हजार ५६८ जण गेले, त्यातले १५ हजार ४०८ मागे बसलेले. मागे बसलेले म्हणजे कोण, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, एका हातात पिशवी, मांडीवर लेकरू. गतिरोधक आला की मागच्या मागे पडतात आणि आधी डोकंच आपटतं. आमच्या भागात हेल्मेट हा पुरुषांनी पोलीस दिसल्यावर घालायचा दागिना आहे. बाईला ते घ्यायचं असतं हेच मुळी घरात कुणाच्या डोक्यात येत नाही. आंबाडा बसत नाही, केस विस्कटतात, लोक हसतात ही कारणं मी शेकडो वेळा ऐकली आहेत. पुण्यासारख्या शिकलेल्या शहरात हेल्मेटसक्ती म्हटलं की मोर्चे निघतात, तिथं आमच्या तालुक्याच्या गावाला काय बोल लावायचा?

पण हे झाले गेलेल्यांचे हिशेब. जखमींच्या रकान्यात फक्त 'गंभीर' आणि 'किरकोळ' एवढंच असतं. त्यातल्या किती जणांच्या डोक्याला मार लागला, किती जण पुन्हा कामावर गेले, किती घरांत बायको नाहीतर आई चोवीस तास अडकून पडली, याचा रकानाच नाही. जे मोजलंच जात नाही, त्याच्यासाठी पैसे कोण ठेवणार?

मी पंधरा-सोळा वर्षं बचत गटांच्या निमित्तानं तालुक्यातल्या घराघरांत जाते. अशी आठ-नऊ घरं तर मला आत्ता बोटांवर मोजता येतील. त्यातल्या एका वहिनींचं सांगते. नवरा एका दुकानात हिशेबनीस. मोटारसायकल घसरली, तीन आठवडे अतिदक्षता विभागात, मेंदूचं ऑपरेशन. जगले. आज चालतात, जेवतात, अंगानं धडधाकट दिसतात. येणारा-जाणारा म्हणतो, 'अहो, छान बरे झाले की!' आणि वहिनी आत जाऊन डोळे पुसतात. कारण हा माणूस सकाळी आंघोळीला 'जा' म्हटल्याशिवाय उठत नाही. आंघोळ झाली हे दहा मिनिटांत विसरतो. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावतो. पूर्वी कधी आवाज न चढवणारा माणूस पोरीच्या मैत्रिणींसमोर नको ते बोलतो. रात्री बायकोचं 'नको' त्याला कळत नाही. हे शेवटचं तिनं मला तीन वर्षांनी सांगितलं, तेही पाठमोरी उभी राहून, भांडी घासता घासता.

हा दुष्टपणा नाही, वेडही नाही, आणि बाहेरची बाधा तर मुळीच नाही. कवटीच्या आत मेंदू मऊ असतो. जोरात धक्का बसला की तो पुढच्या-मागच्या हाडावर आदळतो. कपाळामागचा भाग बहुतेक वेळा सापडतो, आणि आपला राग आवरणं, लाज बाळगणं, आपणहून कामाला लागणं, पुढचं ठरवणं ही सगळी कामं त्याच भागाची. कानाजवळच्या भागाला लागलं तर नवीन गोष्ट लक्षात राहत नाही. डाव्या बाजूला विशिष्ट ठिकाणी लागलं तर शब्द सापडत नाहीत. माणसाला कळतं सगळं, पण पाणी हवं असताना तोंडातून 'खुर्ची' येतं. मग तो चिडतो, आपणही चिडतो. आमच्याकडे एका मुलाला या कारणापायी दोनदा देवऋषाकडे नेऊन आणलं, उपास घडवले. त्या उपासात फिटच्या गोळ्या बंद झाल्या आणि पोरगं झटके येऊन पुन्हा दवाखान्यात गेलं.

झटक्यांचं इथंच सांगून टाकते, कारण हे प्रत्येकीला माहीत हवं. डोक्याच्या मारानंतर काही महिन्यांनी, अगदी वर्षा-दोन वर्षांनीही फिट येऊ शकते. तेव्हा माणसाला एका कुशीवर वळवायचं, आसपासच्या टणक वस्तू बाजूला करायच्या, घड्याळ बघायचं. चप्पल, कांदा हुंगवायचा नाही. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी ओतायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ ला फोन. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत, अमावास्या असो की एकादशी. दारूचा तर थेंबही नाही. आणि 'आता बरा आहे' म्हणून गाडीची किल्ली हातात द्यायची नाही, डॉक्टर लिहून देईपर्यंत. किल्ली लपवणारी बायकोच घरात वाईट ठरते हेही मला ठाऊक आहे.

वागण्याच्या बाबतीत त्या वहिनी हळूहळू आपल्या आपण शिकल्या, ते मला मोठ्या शहरांतल्या तज्ज्ञांकडून नंतर ऐकायला मिळालं. भिंतीवर मोठ्या अक्षरात दिवसाचं वेळापत्रक. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. 'उठा, तोंड धुवा, कपडे बदला, चहा घ्या' असं एका दमात नाही. टीव्ही, मिक्सर, पाहुणे सगळं एकदम नको, मेंदू लवकर थकतो. राग आला की वाद घालायचा नाही, विषय बदलायचा किंवा आपणच दुसऱ्या खोलीत जायचं. मुलांना समजेल असं सांगायचं की बाबांच्या मेंदूला लागलंय, ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. हे शिकायला त्यांना चार वर्षं लागली. डिस्चार्जच्या दिवशी कुणी अर्धा तास बसून सांगितलं असतं तर? परदेशात अशा रुग्णामागे 'केअर मॅनेजर' असतो म्हणे, म्हणजे उपचार, व्यायाम, कागदपत्रं, पैसे या सगळ्याचा मेळ घालणारा एक माणूस. आपल्याकडे हा मेळ ती दहावी शिकलेली बाई घालते. फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्या, तहसील कार्यालयाचे हेलपाटे आणि पोळ्या करता करता.

आता जरा मागे जाऊ या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग तुम्हाला आठवत असतील. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका वॉर्डबॉयनं त्यांच्यावर हल्ला केला, साखळीनं गळा आवळला, मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली एक्केचाळीस वर्षं त्यांना केईएमच्या परिचारिकांनी सांभाळलं. भरवलं, कूस बदलली, स्वच्छ ठेवलं. २०११ साली त्यांच्या दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा या परिचारिका ठाम विरोधात उभ्या राहिल्या. त्या वेळी वर्तमानपत्रांनी त्यांच्या प्रेमाचं, सेवेचं भरभरून कौतुक केलं. ते योग्यच होतं. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तिथं पाळ्या होत्या. एकीची पाळी संपली की दुसरी यायची. एक निवृत्त झाली की नवी हजर. प्रत्येकीला पगार होता, प्रशिक्षण होतं, सुट्टी होती, आणि घरी जायला घर होतं. म्हणून ती सेवा एवढी वर्षं निगुतीनं होऊ शकली. आमच्या घरात पाळी बदलायला कोणी येत नाही. त्यात पुन्हा त्या बाईच्या नशिबी 'पायगुण' आणि 'तिनंच लक्ष दिलं नाही' हे असतंच.

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायका घरातल्या कुणाची ना कुणाची काळजी घेताना आढळल्या. पुरुष २१.४ टक्के. वेळ बायकांचा दिवसाला साधारण १४० मिनिटं, पुरुषांचा ७४. यात लहान मुलांचं करणंही आलं. पण डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या घरात ही मिनिटं मोजायला गेलात तर हसू येईल.

आणि उलटं झालं तर? घरातली बाईच जखमी झाली तर? मी बघितलेल्या आठ-नऊ घरांत तीन बायका आहेत. तिघींपैकी दोघी आज माहेरी आहेत. एकीच्या नवऱ्यानं दोन वर्षं केलं, मग 'तुमची मुलगी तुम्ही सांभाळा' म्हणून आणून सोडली. सत्तरीची आई तिला भरवते. नवरा जखमी झाला म्हणून त्याला सासरी नेऊन सोडलेला मी अजून पाहिला नाही.

न्यायालयाला हे समजतं, हा एक दिलासा आहे. २००७ साली उत्तरेतल्या एका बारा वर्षांच्या मुलीला ट्रॅक्टरनं धडक दिली. डोक्याला जबर मार, बुद्धी लहान बाळाएवढीच राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिची भरपाई ६२ लाख २७ हजारांवर नेली. त्यात २१ लाख ६० हजार फक्त सांभाळणाऱ्यांसाठी होते. हिशेब साधा. दोन मदतनीस धरले, प्रत्येकी महिना पाच हजार, वर्षाचे एक लाख वीस हजार, गुणिले अठरा. बघा, न्यायमूर्तींनी *दोन* माणसं धरली. कारण चोवीस तासांचं काम एका माणसाचं नाहीच! हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा.

पण कोर्टापर्यंत पोचणार कोण? अपघात झाला की पहिले सहा महिने दवाखान्यातच जातात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं दाव्याला मुदत सहा महिन्यांचीच घातली. १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्याच्या भरवशावर थांबू नका. दावा आपण राहतो त्या भागातल्या अपघात न्यायाधिकरणाकडे करता येतो, अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी. घरातल्या एका माणसानं पहिल्या आठवड्यातच एफआयआरची प्रत, गाडीच्या विम्याचा तपशील आणि प्रत्येक बिल एका पिशवीत ठेवायला सुरुवात करावी. बाई ठेवली असेल तर तिच्या पगाराच्या पावत्या घ्याव्यात. धडक देऊन गाडी पळाली असेल तरी गंभीर जखमीला पन्नास हजार आणि मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात. त्यासाठीही अर्ज करावा लागतो.

दिव्यांग प्रमाणपत्राचा घोळ वेगळाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं प्रकार सातवरून एकवीसवर नेले, पण 'मेंदूची दुखापत' असं नाव त्यात नाही. त्यामुळे हात-पाय लुळा पडला असेल तर त्या खाली, वाचा गेली असेल तर वाचा-भाषेखाली, अशी खिडकी शोधावी लागते. आमचे हिशेबनीस चालत खोलीत गेले, नाव बरोबर सांगितलं, तर त्यांना काय दिव्यांग म्हणणार? वहिनी हात जोडून सांगत होत्या की साहेब, एक दिवस घरी येऊन बघा. दुसऱ्या खेपेला मानसोपचार विभागाचा अहवाल जोडला, तेव्हा काम झालं. तेव्हा तपासणीला जाताना रुग्ण घरी काय करतो, काय करत नाही, याचं पंधरा दिवसांचं टिपण वहीत लिहून न्या. हे टिपण फार उपयोगी पडतं. चाळीस टक्के आणि वरचं प्रमाणपत्र असलं की संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज करता येतो. उत्पन्नाची अट मात्र आहे. दिव्यांगांसाठी ही रक्कम दीड हजारांवरून अडीच हजार करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, जिची चर्चाच होत नाही. ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी 'काळजीवाहक भत्ता' देण्याची योजना सरकारांनी करावी, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. केरळात 'आश्वासकिरणम्' नावाची योजना २०१० पासून आहे, अंथरुणाला खिळलेल्याची घरी सेवा करणाऱ्याला महिना सहाशे रुपये. सहाशेत काय होतं म्हणाल, आणि तेही वेळेवर येत नाहीत अशा तिथं तक्रारी आहेत. पण सेवा करणारीच्या नावानं पैसे यावेत हे तिथल्या सरकारला सुचलं. आपल्याकडे निवडणुकीत बहिणींची आठवण झाली. बहिणी घरात काय काम करतात, हे अजून कुणी विचारलं नाही.

कोमात असलेल्या माणसाच्या घरात तर पैशाचं कुलूपच लागतं. खातं नवऱ्याच्या नावावर, ठेव त्याच्या नावावर, सही करायला हात उठत नाही. बँक म्हणते, नियम नाही. खरंच, कोमातल्या सज्ञान माणसाचा पालक कोण, याला आपल्याकडे सरळ कायदा नाही. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं यासाठी पद्धत घालून दिली आणि २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशाच एका पत्नीला पालक नेमलं. म्हणजे वाट आहे, पण ती थेट उच्च न्यायालयातून जाते. तालुक्याच्या बाईनं मुंबईला नाहीतर औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) वकील कुठून करायचा? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, एवढं लक्षात ठेवा आणि तिथून सुरुवात करा. आणि आज घरी सगळं ठीक असेल तर आजच खात्याला दुसरं नाव लावून घ्या. नवऱ्याला सांगायला अवघड वाटत असेल तर हा लेख पुढे करा.

आमच्या गटानं काय केलं ते थोडक्यात सांगते. पैसे देण्याची आमची ऐपत नाही. आम्ही तास दिले. आठवड्यातून एकदा दोघी-दोघींनी अशा एका घरी जायचं आणि दोन तास रुग्णाजवळ बसायचं. त्या वेळात घरच्या बाईनं काहीही करावं. एकटीनं जायचं नाही हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून केला, कारण काही पुरुष रुग्णांच्या वागण्याचा भरवसा नसतो, हे लपवण्यात अर्थ नाही. एका आशाताईनं अंथरुणावरच्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून कुठे कुठे बघायचं, भरवताना डोकं वर का हवं हे आम्हाला शिकवलं. सुरुवातीला सासूबाईंनी नाकं मुरडली, 'आमच्या घरचं आम्ही करू.' करणारी सूनच असते, त्यामुळे असं म्हणायला काही जात नाही. पण दोन-तीन आठवड्यांनी त्याच आजी दारात वाट बघत उभ्या असायच्या, त्यांनाही बोलायला कुणी हवं होतं.

उपजिल्हा रुग्णालयाकडे आम्ही एवढंच मागितलं आहे, की डोक्याला मार लागलेला रुग्ण घरी गेला की महिन्यातून एकदा कुणीतरी त्या घरी फोन करावा आणि रुग्णाबरोबर सांभाळणारीचंही रक्तदाब, वजन तपासावं. अर्ज देऊन चार महिने झाले. 'बघू' असं उत्तर आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहोत, या वेळी त्या बायकांना बरोबर घेऊन. त्यासाठी त्यांच्या घरी त्या दिवशी कोण कोण बसणार, याची यादी सध्या चालू आहे.

त्या हिशेबनीसांच्या वहिनींना पहिल्यांदा दोन तास मिळाले, तेव्हा त्या बाजारात जातील, बहिणीकडे जातील असं आम्हाला वाटलं होतं. कुठेच गेल्या नाहीत. पलीकडच्या खोलीत दाराला कडी लावून झोपल्या.